एकदाच वाजलेला भोंगा

पावाच्या दुकानातल्या मुलीने बाहेरचं शटर अर्धं खाली ओढलं आणि म्हणाली, "आजोबा, लवकर सांगा बरं. बारा वाजून गेले. शनिवारी आम्ही बाराला बंद करतो." अंब्रोसने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून सहा मिनिटं झाली होती. पुढे केलेला त्याचा हात तसाच राहिला. "भोंगा झाला?" त्याने विचारलं. "कसला भोंगा?" "शनिवारचा. बाराचा." मुलगी पावावरची सुरी पुसत होती. "झाला असेल की. तो कोण ऐकतं?" ती म्हणाली, आणि तिने न विचारताच पाव किलो राय धान्याचा काळपट पाव कागदात गुंडाळून त्याच्यापुढे ठेवला. बायको हेडविग गेल्यापासून तो पाव किलोच नेतो हे तिला ठाऊक होतं. एवढं तिच्या लक्षात राहत होतं, पण दर शनिवारी दुकानाच्या काचा थरथरवणारा भोंगा तिच्या गावीही नव्हता. तिचं काही चुकत होतं असं नाही. शनिवारी बाराला सगळ्या देशात आगीच्या इशाऱ्याचे भोंगे वाजतात, पंधरा सेकंद वाजतात, बंद होतात. चालतोय ना एवढं बघायचं असतं. ते ऐकायचं नसतंच मुळी.

पण अंब्रोस ऐकत असे. अठ्ठावीस वर्षं या लिन्त्स शहरात तो दर शनिवारी बाराला हातातलं काम थांबवून उभा राहत आला होता. वसाहतीचा रखवालदार होता तेव्हा जिन्यात झाडू घेऊन, नंतर निवृत्त झाल्यावर स्वयंपाकघरात, ट्रॅमच्या थांब्यावर, एकदा तर दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडं ठेवून. भोंगा सुरू झाला की मनात मोजायचं, एक ते पंधरा. भोंगा थांबला की पुन्हा मोजायचं, एक ते सात. हे सात मोजणं बाकी कुणी करत नाही. खरी आग असेल तर सात सेकंदांनी भोंगा दुसऱ्यांदा उठतो, मग तिसऱ्यांदा. सातापर्यंत काही झालं नाही तर ती नुसती चाचणी, माणसाने आपल्या कामाला लागावं. त्या सात सेकंदांत अंब्रोसचे खांदे वर चढत आणि मग हळूहळू उतरत. हेडविग लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हणाली होती, "हे काय रे तुझं दर शनिवारचं? देवाचं करतोस की काय?" तो हसला होता. पुढे तिने विचारायचं सोडलं. बाराच्या सुमाराला ती आपोआप त्याच्याशी बोलायची थांबत असे, एवढंच. तिला त्याने शेवटपर्यंत काही सांगितलं नाही, आणि आज त्याचं फार वाईट वाटत होतं.

म्हणजे आज भोंगा वाजला आणि आपण तो ऐकला नाही. रस्त्यावर आल्यावर हे त्याच्या छातीत नीट बसलं. की वाजलाच नाही? ट्रॅमच्या थांब्यावर कुत्र्याला घेऊन एक बाई उभ्या होत्या. तो त्यांच्याजवळ गेला. "माफ करा, बाराचा भोंगा ऐकलात का तुम्ही?" बाईंनी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. "वाजला ना. हा ओरडला त्याच्याबरोबर," त्या कुत्र्याकडे बघून म्हणाल्या आणि दोन पावलं सरकून उभ्या राहिल्या. कुत्र्याने ऐकला म्हणजे वाजला. मग त्या वेळी आपण काय करत होतो? त्याने आठवून पाहिलं. तो दुकानातल्या रांगेत होता, खिशातल्या पत्राला हात लागत होता आणि मनात एक वाक्य जुळवत होता. "गोटफ्रीडसारखा माणूस गावाला एकदाच मिळतो." पुढे "ज्याने आपल्या हातांची पर्वा केली नाही" असं म्हणावं की नको, यावर तो अडला होता. नेमक्या त्या वेळी भोंगा त्याच्या डोक्यावरून वाजून गेला होता.

पत्र चार दिवसांपूर्वी आलं होतं. काल्टनरॉइट गावाच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाची नवी कमांडंट वालबुर्गा हिचं. अक्षर टपोरं, भाषा नम्र. अंब्रोस गाव सोडून आला त्या वर्षी ही बालवाडीत असेल. तिने लिहिलं होतं की रविवारी सकाळी दहाला पाद्रीबाबा नव्या बंबाला आशीर्वाद देतील, नव्या बंबघरावर जुने कमांडंट गोटफ्रीड यांचं नाव लागेल, आणि त्यांच्या वेळचे, बंब आणि भोंग्याची देखभाल पाहणारे साहित्यप्रमुख म्हणून आपण दोन शब्द बोलावेत अशी सर्वांची विनंती आहे. "खुद्द गोटफ्रीड यांचीच तशी इच्छा आहे," असंही खाली होतं. शनिवार संध्याकाळपर्यंत कळवावं. रविवार म्हणजे उद्या. अंब्रोसने पत्र वाचलं तेव्हा आधी त्याला चक्क बरं वाटलं होतं, हे त्याला आता लाजेने आठवत होतं. हेडविग गेल्यापासूनच्या चार वर्षांत त्याला कुणी कुठे बोलावलं नव्हतं. त्याने कपाटातून काळा कोट काढून खिडकीत टांगला, ब्रशने झाडला. मग कपाटात कोटाच्या जागेखाली, शर्टांच्या थप्पीच्या तळाशी हात गेला आणि तिथली जाड पुठ्ठ्याची वही हाताला लागली, तसा तो पलंगावर बसला होता.

खोलीवर येऊन त्याने पाव ओट्यावर ठेवला आणि ती वही काढून टेबलावर ठेवली. हिरवा पुठ्ठा, कोपऱ्याला तेलाचा डाग. वर त्याच्याच अक्षरात, छत्तीस वर्षांच्या माणसाच्या सरळ ताठ अक्षरात, दलाचं नाव आणि वर्ष. ही वही जगात उरली नाही असं गोटफ्रीड समजत होता. ती उरली आहे हे एकट्या अंब्रोसला ठाऊक होतं. वही उघडायची गरज नव्हती. तीन नोंदी त्याला पाठ होत्या. मार्चमधली: भोंगा एकदा वाजून बंद पडतो, दहा मिनिटं पुन्हा चालू होत नाही, मोटर तपासावी. मेमधली: भोंग्याचं तसंच. जूनमधली: भोंग्याचं तसंच, तातडीचं. तिन्हींपुढे गोटफ्रीडची गिरकी घेतलेली सही, "पाहिले". जूनमध्ये अंब्रोस स्वतः त्याच्याकडे गेला होता. गोटफ्रीड आपल्या सुतारशाळेत फळीवर रंधा मारत होता. "अरे अंब्रोस, शनिवारी वाजतो ना?" "वाजतो हो, पण एकदाच." "शनिवारी एकदाच वाजवायचा असतो." स्वतःच्या विनोदावर तो हसला, मग रंधा ठेवून त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "हे बघ. दुरुस्तीला सांगायचं म्हणजे जिल्ह्याला कळवायचं. जिल्ह्याला कळवलं की तपासणीत आपले गुण गेले. बावीस वर्षं आपण पहिले येतोय. ऑगस्टमध्ये आपला बिअरचा मेळा होऊन जाऊ दे, मग मी स्वतः बघतो. बरं?" आणि अंब्रोस "बरं" म्हणाला होता. गोटफ्रीडला नाही म्हणणं गावात कुणाला जमत नसे. तो वाईट माणूस नव्हता, हीच खरी पंचाईत होती. कुणाचं छप्पर उडालं की पहिला हाच शिडी घेऊन हजर. दर पाच वर्षांनी निवडणूक व्हायची, म्हणजे कुणीतरी विचारायचं, "गोटफ्रीडच ना?" आणि सगळे पेला उचलायचे.

आणि पेल्याचंच बघायचं तर शनिवारचा रिवाजही तोच होता. दलाची बारा-पंधरा माणसं साडेअकरापासून चर्चमागच्या खानावळीत जमत. इकडे अंब्रोस बंबघरात पावणेबाराला जाऊन बंबाचं पाणी, तेल, नळ्या बघायचा आणि बाराला बटण दाबायचा. भोंगा वाजला की तिकडे सगळे उभे राहून पेले उंचवायचे आणि एका घोटात अर्धा रिकामा करायचे. भोंग्याच्या तब्येतीला, असं म्हणायचे. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे दाखवायला मुद्दाम आणलं जाई. अंब्रोसच्या वाट्याला कधी तो पेला आला नाही, कारण बटण दाबणारा तोच. त्याला याचं थोडं वाईट वाटायचं. इतकं साधं वाईट वाटणं पुन्हा आयुष्यात कधी वाटेल का, असं आता त्याच्या मनात आलं.

जुलै होता. बाराला पाच मिनिटं होती तेव्हा बंबघरातला फोन वाजला. टेकडीवरच्या शेतावरून फालेंटिन बोलत होता. शनिवारी या वेळेला अंब्रोस तिथे असतो हे गावाला माहीत, म्हणून त्याने जिल्ह्याच्या नंबरला न करता सरळ इथेच केला होता. "अंब्रोस, गवत पेटलंय. कोठारात. आतून तापलं असणार, ओलंच भरलं होतं मी. झेंझी वर आहे." झेंझी म्हणजे त्याची थोरली बहीण. दोघंच राहत. पंधरा दिवसांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि ती कोठाराला लागून असलेल्या वरच्या खोलीत पडून होती. "मी तिला आणू का खाली?" फालेंटिनने विचारलं. हो, त्याने विचारलं होतं. आणि अंब्रोसने शिकवल्याप्रमाणे उत्तर दिलं होतं. टेकडीवर तीन वाटा सारख्याच दिसतात, म्हणून फोन करणाऱ्याला नेहमी रस्त्यावर उभं करायचं, वळण दाखवायला. आत धूर असेल तर कुणाला शिरू द्यायचं नाही, नाहीतर एकाच्या जागी दोघांना काढावं लागतं. हे पुस्तकात होतं आणि ते बरोबरच होतं. "आत जाऊ नका," अंब्रोस म्हणाला. "खाली वळणावर उभे राहा, आम्हाला हात दाखवा. येतोच आम्ही. निघालोच." फालेंटिन म्हणाला, "बरं." त्यानंतर फोन ठेवल्याचा आवाज.

अंब्रोसने बटण दाबलं. भोंगा चढला, पंधरा सेकंद ओरडला, उतरला. सात सेकंद गेले. दुसऱ्यांदा तो उठला नाही. त्याने बटण पुन्हा दाबलं, मग मुठीने मारलं. छतावरून फक्त गुरगुर ऐकू आली आणि तीही थांबली. त्याने बंबघराची दारं उघडली, बंब सुरू केला आणि दारात उभा राहिला. आणि उभाच राहिला. हीच ती जागा, जिथे अंब्रोस पुढे दर शनिवारी मनाने येऊन पोचत असे. खानावळ तिथून दोनशे पावलांवर होती. धावत गेला असता तर दोन मिनिटं. एकटाच बंब घेऊन निघाला असता तर चार मिनिटांत टेकडीवर, आणि एकट्या माणसाला आग विझवता आली नसती तरी फालेंटिनच्या मदतीने एका म्हातारीला जिन्यावरून खाली आणता आलं असतं. पण आदल्या वर्षी एका धुराड्याच्या आगीला तो कमांडंटची वाट न बघता तिघांना घेऊन गेला होता. आग विझली, कुणाला काही झालं नाही. वार्षिक सभेत मात्र गोटफ्रीडने त्याला उभं केलं. "मंडळी, आपल्याकडे आता दोन कमांडंट झालेत म्हणे. या दुसऱ्या कमांडंटचाही शब्द ऐकून घ्या." सगळं गाव हसलं होतं, अंब्रोसची आईसुद्धा. मग गोटफ्रीड गंभीर झाला आणि म्हणाला, "माझ्या शब्दाशिवाय बंब हलायचा नाही. भोंगा वाजला की साहित्यप्रमुखाने बंबाजवळ थांबायचं. कळलं?" कळलं होतं. म्हणून त्या दिवशी तो थांबला. भोंगा वाजला आहे, लोक येतीलच, असं स्वतःला सांगत थांबला. चर्चची बाराची घंटा झाली. मग त्याच्या लक्षात आलं की आज शनिवार आहे, बाराचा सुमार आहे आणि भोंगा एकदाच वाजला आहे. कुणी येणार नव्हतं.

हे लक्षात यायला एवढा वेळ का लागला, हे त्याला कधीच समजलं नाही. गावातल्या पाळण्यातल्या मुलालाही लगेच समजलं असतं. सात मिनिटं. तो धावत खानावळीत शिरला तेव्हा पेले अर्धे रिकामे होऊन टेबलांवर होते. गोटफ्रीड त्याला बघून मोठ्याने म्हणाला, "काय रे, आज तुझं घड्याळ पुढे पळतंय वाटतं? तीन मिनिटं आधी पाजलीस आम्हाला." सगळे हसले. अंब्रोसला धाप लागली होती, शब्द फुटत नव्हता, आणि त्याचा तो चेहरा बघून ते आणखी हसले. मग तो "आग" म्हणाला. त्या हसण्याचा शेवट, एकेक तोंड मिटत जाणं, हे त्याने पुढे हजार वेळा पाहिलं. टेकडीच्या वळणावर फालेंटिन हात वर करून उभा होता. एका हातात टोपी होती. बंब दिसला तशी त्याने ती हलवली, डावीकडे, डावीकडे, जणू त्यांना रस्ता माहीत नव्हता. धुराचा लोट त्याच्या मागे होता आणि त्याने मान वळवून तिकडे पाहिलं नाही. गोटफ्रीड गाडी थांबायच्या आधी उडी मारून आत घुसला. जिना पेटलेला होता. त्याने झेंझीला अंथरुणासकट उचलून आणलं. ती धुरानेच गेली होती, अंगावर एक भाजल्याची खूण नव्हती. त्याचे हात मात्र कोपरापर्यंत सोलले होते. त्या हातांकडे बघितल्यावर कोण काय बोलणार?

तीन आठवड्यांनी जिल्ह्याचे लोक चौकशीला येणार म्हणून बंबघरात बैठक झाली. गोटफ्रीडचे दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत होते, टेबलावर ठेवलेले. तो हळू बोलला. "भोंगा वाजला. सगळ्यांनी ऐकला. शनिवार होता, बारा होत आले होते, सगळ्यांना चाचणी वाटली. मलाही वाटली. यात कुणाला धरायचं? धरायचं तर सगळ्यांना धरा." सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यांचा दोष म्हणजे कुणाचाच नाही, हे कळायला कुणाला शाळेत जावं लागत नाही. बैठक उठल्यावर तो अंब्रोसला म्हणाला, "जरा थांब." त्याच्यापुढे नवी कोरी वही होती. "जुनीवर पाणी पडून खराब झालीय ना. तेवढी उतरवून काढ. नको ते गाळून. मी केलं असतं रे, पण माझे हात हे असे." अंब्रोस म्हणाला, "जुनीवर पाणी नाही पडलं." गोटफ्रीडने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. त्याचे डोळे भरले होते, आणि ते खोटे नव्हते, हे अंब्रोस आजही शपथेवर सांगेल. "झेंझी परत येणार आहे का?" तो म्हणाला. "आणि फालेंटिनचा विचार कर. तिच्या नशिबातच होतं, असं मानून तो जगतोय. वाचवता आली असती, असं त्याला कळलं तर तो काय करेल?" मग अंब्रोसने बसून वर्षभराच्या नोंदी उतरवल्या. तीन गाळल्या. जुनी शेगडीत टाकायची होती. ती त्याने कोटाखाली घातली. का, ते त्याला सांगता आलं नसतं. धैर्य होतं म्हणावं तर ती पुढे कधी कुणाला दाखवली नाही. जिल्ह्याच्या अहवालात "दुर्दैवी योगायोग" असं लिहून आलं. पुढच्या वसंतात अंब्रोसने गाव सोडलं आणि सोडताना गावाने त्याला एक कोरीव घड्याळ भेट दिलं.

फालेंटिनचा विचार कर. या तीन शब्दांवर त्याने अठ्ठावीस वर्षं काढली होती. आपण गप्प आहोत ते गोटफ्रीडसाठी नाही, स्वतःसाठी तर नाहीच, त्या बिचाऱ्या भावासाठी आहोत. ही सोय फार चांगली होती. पण त्या सोयीलाही एका गोष्टीचा आधार होता, की निदान आपण ऐकतो. गावाने ऐकायचं सोडलं असेल, गोटफ्रीडने सोडलं असेल, पण जगात एक माणूस अजून पंधरा आणि सात मोजतोय. आज दुकानात तोही मोजायचा राहिला होता. तोही पेला उचलून उभा राहिलेल्यांतला एक झाला होता. खोलीत कुणी नव्हतं. ओट्यावरचा पाव कागदातच होता. खिडकीत काळा कोट टांगला होता आणि त्याच्या बाह्या खाली लोंबत होत्या. अंब्रोसला एकाएकी इतकं एकटं वाटलं की त्याने मोठ्याने "हेडविग" म्हणून पाहिलं. मग उठून त्याने, फालेंटिन आता राहत असे त्या गावच्या वृद्धाश्रमाचा नंबर शोधला. वालबुर्गाला करायचा फोन बाजूला राहिला.

फोनवरच्या परिचारिकेने कोण बोलतंय विचारलं, मग बराच वेळ चपलांचा आवाज, एक दार, दूरदर्शनवरचं गाणं. "कोण?" फालेंटिनचा आवाज बारीक झाला होता, पण तोच होता. ऐकताच अंब्रोसला बंबघरातला तो काळा जड फोन हातात असल्यासारखं वाटलं.

"मी अंब्रोस. साहित्यप्रमुख होतो तो."

"माहीत आहे. तू एकच अंब्रोस आहेस आमच्याकडे." मग तो म्हणाला, "उद्या येतोयस म्हणे. भाषण करणार."

"त्याआधी तुम्हाला काही सांगायचं होतं." अंब्रोसने वही उघडली. त्याला पाठ होतं तरी तो वाचू लागला. मार्चची नोंद वाचली, मेची वाचली. मग जूनची, 'तातडीचं' या शब्दासकट. "भोंगा नादुरुस्त होता, फालेंटिन. आम्हाला माहीत होतं. मला माहीत होतं. तो एकदाच वाजला, सगळ्यांना चाचणी वाटली. आणि मी सात मिनिटं बंबाजवळ नुसता उभा होतो. वेळ होता. तुम्हाला मी आत जाऊ नका म्हणालो, पण वेळ होता. तुम्ही तिला आणू शकला असता."

पलीकडे दूरदर्शनवरचं गाणं संपलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"मी ऐकला होता तो," फालेंटिन म्हणाला.

"काय?"

"भोंगा. टेकडीवर चांगला ऐकू यायचा. एकदा वाजला. मी सात मोजले. अरे, तीस वर्षं मीही बंबावर होतो, विसरलास की काय? दुसऱ्यांदा वाजला नाही तेव्हाच मला कळलं, हे आता पेले उचलणार. कुणी यायचं नाही."

वहीवर ठेवलेलं बोट त्याला दुसऱ्या कुणाचं वाटत होतं. "मग," अंब्रोस म्हणाला, "मग तुम्ही आत का नाही गेलात?"

"तू म्हणाला होतास ना, येतो म्हणून."

हे त्याने चिडून म्हटलं नाही. साध्या आवाजात म्हटलं, ज्या आवाजात त्या दिवशी "बरं" म्हणाला होता. अंब्रोसने फोन कानापासून दूर धरला आणि पुन्हा कानाला लावला. तो रडत होता आणि ते पलीकडे ऐकू जात असणार, याची त्याला लाज वाटली नाही. "इतकी वर्षं तुम्ही काही विचारलं नाहीत," तो म्हणाला.

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो. आता म्हातारा झालो, म्हटलं राहिलंच वाटतं." फालेंटिन खोकला. "हे वाचलंस ती वही आहे ना तुझ्याजवळ? चौकशीत दाखवली ती नव्हे, खरी?"

"आहे."

"मग ती आण. मला वाचून दाखवलीस ती झाली. उद्या तिथे उभा राहून वाच, गोटफ्रीड समोर बसलेला असताना. त्यालाही ऐकू दे, तोही म्हातारा झालाय. रात्री झोपत नाही, असं त्याची सून सांगते." मग आवाजात जरा धार आली. "आणि गोटफ्रीडच्या हातांचंही सांग. ते खरंच भाजले होते. झेंझीला त्यानेच आणलं. अर्धं सांगू नकोस यावेळी."

"नाही सांगणार अर्धं."

"बस कितीला पोचते तुझी?"

"नऊ वाजून दहा मिनिटांनी."

"बसचा थांबा हलवलाय त्यांनी. चर्चपाशी नाही थांबत आता, खाली पुलाजवळ थांबते. तिथून दोन वाटा फुटतात, तुला नवीन वाट सापडायची नाही." तो थोडा दम खाऊन म्हणाला, "मी रस्त्यावर उभा राहतो."

"अहो, कशाला? तुमचं वय काय. मी विचारत येईन कुणालाही."

"मी उभा राहतो," फालेंटिन म्हणाला. "तू ये म्हणजे झालं." त्यानंतर फोन ठेवल्याचा आवाज.

सकाळी सातची बस होती. अंब्रोस काळा कोट घालून, वही छातीशी धरून, साडेपाचलाच थांब्यावर जाऊन उभा राहिला.